‘कळलं का?’ हा प्रश्न विचारणं सोडा

लाल टोपणाची सुई चाळीसच्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची शंभरच्या बाटलीसाठी. हे वाक्य मी सोलापुरात नोकरी करताना हजारो वेळा बोलले असेन. मी परिचारिका होते, आणि शेवटची काही वर्षं मधुमेहाच्या रुग्णांना घरी इन्सुलिन घ्यायला शिकवणं हेच माझं मुख्य काम होतं. समोरच्याला खरंच समजलं की त्यानं नुसती मान हलवली, हे ओळखायला मी त्या कामात शिकले. ते इथे लिहिते आहे. तुम्ही दवाखान्यात नसाल, शाळेत शिकवत असाल, बँकेच्या काउंटरवर बसत असाल किंवा म्हाताऱ्या आईला मोबाईल शिकवत असाल, तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

सुरुवात एका आजींपासून करते. पूर्व भागातल्या, आयुष्यभर विड्या वळून संसार ओढलेल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मराठी त्यांना बाजारापुरतं येत होतं. मी त्यांना अर्धा तास बसवून सगळं शिकवलं. प्रत्येक वाक्याला त्या म्हणायच्या, “सरे, सरे.” शेवटी मी विचारलं, “अव्वा, कळलं का?” त्या हसून म्हणाल्या, “सरे.” मी केसपेपरवर ‘शिकवले, समजले’ असं लिहून सही केली.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा शुगर चारशेच्या वर होती. डॉक्टर डोस वाढवणार होते. मी त्यांना म्हटलं, पाच मिनिटं द्या. आजींना बाजूला नेलं आणि सांगितलं, “काही बोलू नका, घरी जसं घेता तसं करून दाखवा.” त्यांनी कापडी पिशवीतून बाटली काढली, दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच फिरवली, सुई भरली, बुडबुडा घालवला, 20 च्या खुणेवर आणली. मी शिकवलं होतं तसं अगदी शिस्तीत. फक्त मांडीवर पडलेलं टोपण केशरी होतं. लाल सुया संपल्या होत्या, नातवानं मेडिकलमधून आणताना मिळाल्या त्या आणल्या.

बाटली चाळीसची होती, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. केशरी टोपणाच्या सुईवरच्या खुणा शंभरच्या बाटलीसाठी आखलेल्या असतात. तिथे 20 ची खूण म्हणजे 0.2 मिलिलिटर. चाळीसच्या औषधाचे त्यात भरतात फक्त 8 युनिट. आजींना 20 युनिट हवे होते, मिळत होते 8. त्या दिवशी डोस वाढवला असता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लाल सुई हातात आली असती, तर त्यांची शुगर इतकी खाली गेली असती की जीवावर बेतलं असतं. उलटी चूक तर आणखी वाईट: शंभरच्या बाटलीचं औषध लाल सुईत 20 पर्यंत भरलं, तर अंगात 50 युनिट जातात.

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. टोपण लाल आहे, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या लाल रंगाला अर्थ आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांना वाटलं समजलं, मला वाटलं समजलं, आणि दोघींच्या मधे ते ‘सरे’ पडून राहिलं. त्या दिवसापासून मी ‘कळलं का?’ विचारणं बंद केलं.

खोटा होकार कसा ओळखायचा

सोलापुरात होकाराच्या चार तऱ्हा रोज कानांवर पडतात. मराठी माणूस “हो हो” म्हणतो, तेलुगू बोलणारा “सरे”, अक्कलकोटकडून आलेला कन्नड बोलणारा “हूं री”, आणि उर्दू बोलणाऱ्या बाई “जी, जी”. चारही शब्दांचा एक अर्थ ‘समजलं’ असा आहे. दुसरा अर्थ ‘मी ऐकते आहे, तुम्ही बोला’. तिसरा, ‘तुम्ही मोठ्या, मी तुम्हाला कशी अडवू?’ आणि चौथा, ‘बाहेर रिक्षा थांबली आहे, पोराचा आजचा रोज बुडाला आहे, आता सोडा.’ यातला कुठला अर्थ आहे ते शब्दावरून कळत नाही. वेळेवरून मात्र कळतं.

खरा होकार जरा उशिरा येतो. माणूस ऐकतो, थांबतो, नजर खाली किंवा बाजूला जाते, कपाळावर एखादी आठी पडते, मग “बरं” म्हणतो. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत “हो” आलं, आणि प्रत्येक वाक्याला सारख्याच तालात आलं, तर सावध व्हा. तुमचा शेवटचा शब्दच परत येत असेल, तुम्ही म्हणता “जेवणाआधी अर्धा तास” आणि समोरून येतं “हां, अर्धा तास”, तर कान चालू आहेत एवढंच कळतं. डोळे सोबतच्या माणसाकडे वळत असतील तर माणूस मनातून सुटला आहे, आता जे काय समजायचं ते मुलगा समजेल अशी त्याची सोय झाली आहे.

सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे प्रश्न. ज्याला समजलं त्याला शंका येते. “मग एकादशीला काय करू?” “गावाला जाताना बाटली कशात ठेवू?” असा प्रश्न आला की मला हायसं वाटायचं. अर्धा तास बोलून एकही प्रश्न आला नाही तर मी धरून चालायची की पोचलं नाही.

आपल्याकडे म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी. ही म्हण मी वॉर्डात कुणालाही वापरू दिली नाही. ओतताना घड्याकडे बघायचं काम ओतणाऱ्याचं असतं.

विचारायचं कसं

‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येऊ शकेल असा प्रश्नच विचारू नका. “कळलं ना?” मध्ये तर तो ‘ना’ म्हणजे होकाराची सक्ती आहे. त्याऐवजी मी हे वाक्य वापरायची: “मी आज खूप भराभर बोलले. मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, ते मला सांगा.”

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. परीक्षा माझी आहे, त्यांची नाही, त्यामुळे चुकलं तरी त्यांची मान खाली जात नाही. सांगायचं सुनेला आहे, म्हणजे माझे शब्द घोकून चालणार नाहीत, घरच्या भाषेत सांगावं लागेल. आणि उत्तर ‘हो’ असूच शकत नाही.

मग गप्प बसा. हेच सगळ्यांत अवघड. समोरचा अडखळला की आपण लगेच पुढचा शब्द पुरवतो, तो त्याला “हां हां, तेच” म्हणतो, आणि पुन्हा आपण फसतो. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची. बहुतेक वेळा सात-आठच्या सुमारास माणूस बोलायला लागतो.

सूर सांभाळा. “सांग बघू मी काय म्हणाले?” असं म्हटलंत तर समोरचा थेट चौथीच्या वर्गात जाऊन उभा राहतो. नव्या मुलींना हे शिकवताना मला सगळ्यांत जास्त वेळ याच्यावर घालवावा लागला. शब्द त्या दोन दिवसांत पाठ करायच्या, पण आवाजातली बाई जायला महिने लागायचे.

चुकीचं उत्तर आलं तर तेच वाक्य मोठ्यानं म्हणू नका. ज्या वाक्यानं पहिल्यांदा काम केलं नाही ते दुसऱ्यांदा करणार नाही. शब्द बदला, वस्तू हातात द्या, चित्र काढा. ओआरएसचं पाकीट देताना मी “एक लिटर पाण्यात” एवढंच सांगायची तेव्हा निम्म्या आया घरी जाऊन पेल्यात चिमूट-चिमूट घालायच्या. कुणी अख्खं पाकीट एका पेल्यात कालवायची, आणि तसलं दाट पाणी लहान लेकराला घातक असतं. मग मी विचारायला लागले, “घरात कुठलं भांडं घ्याल?” कुणी तांब्या म्हणे, कुणी पातेलं. मग एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली समोर ठेवायची आणि विचारायचं, अशी बाटली घरी आहे का, तुमचा तांब्या हिच्यात किती वेळा ओतावा लागेल? भांड्याचा प्रश्न विचारल्याशिवाय लिटर कुणाच्या घरात शिरत नाही.

हातानं करायची गोष्ट असेल तर तोंडी उत्तरावर अजिबात विसंबू नका, करून घ्या. दम्याच्या यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक मी पाहिले आहेत. विचारलं तर ते बरोबर सांगत, “सकाळ-संध्याकाळ एक.” तोंडी परीक्षेत पूर्ण मार्क.

एका बैठकीत तीनच गोष्टी सांगा. सात सांगितल्यात तर कुठल्या तीन राहतील ते तुमच्या हातात राहत नाही. वैद्यकीय सल्ल्याच्या स्मरणावरचे अभ्यास गोळा करून 2003 साली एक लेख प्रसिद्ध झाला होता. रुग्णाला सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के तो लगेच विसरतो, आणि जे आठवतं त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं आठवतं, असं त्यात मांडलं होतं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत मधुमेहाचे रुग्ण आणि त्यांचे डॉक्टर यांच्या संभाषणांचं ध्वनिमुद्रण करून तपासलं गेलं. डॉक्टरांनी एकूण 124 नव्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांतल्या फक्त 15 गोष्टींच्या बाबतीत, रुग्णाला काय समजलं ते त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. ज्यांच्याकडून वदवून घेतलं त्यांची शुगर जास्त ताब्यात होती. ते वाचलं तेव्हा मला त्या आजी आठवल्या.

एक गोष्ट मात्र करू नका. काही जण मुद्दाम चुकीचं सांगून समोरचा पकडतो का ते बघतात. औषधाच्या बाबतीत ही चूक डोक्यात तशीच बसून राहू शकते. शिवाय माणसाला नंतर कळलं की आपल्याला फसवून बघितलं, तर पुन्हा तो मोकळेपणानं बोलत नाही.

फसवे शब्द

काही शब्द असे आहेत की दोघांनाही ते शंभर टक्के समजल्यासारखे वाटतात, आणि दोघांच्या डोक्यात वेगळेच अर्थ असतात. मी वहीत अशा शब्दांची यादीच ठेवली होती.

‘उपाशीपोटी या’ म्हटल्यावर निम्मे लोक चहा पिऊन येतात. “काही खाल्लं नाही सिस्टर, नुसता चहा घेतला.” त्यांच्या हिशेबात चहा खाण्यात येत नाही, आणि ते चूकही नाही. काही जण उलट टोकाला जातात, पाण्याचा थेंबही न घेता दुपारी एकपर्यंत बसून राहतात. म्हणून सांगायचं असं: “रात्री जेवा. सकाळी चहा नाही, बिस्कीट नाही, साधं पाणी चालेल, आठ वाजता या.”

‘जेवणानंतर गोळी’ ऐकलेला माणूस एकादशीला गोळी घेत नाही, कारण त्या दिवशी जेवण नसतं, फराळ असतो. ‘गोड बंद’ म्हटलं की साखर बंद होते, गूळ चालू राहतो. ‘थंड जागी ठेवा’ म्हटलं की बाटली बर्फाच्या खणात जाते, आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ‘शुगर आता नॉर्मल आहे’ हे ऐकून लोक औषधं बंद करतात. आम्हाला म्हणायचं असतं, औषधांमुळे नॉर्मल आहे, चालू ठेवा. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून एका माणसानं माझ्यासमोर हात जोडून देवाचे आभार मानले होते. त्याला आजार लागला होता.

‘परवा या’ हे तर कधीच म्हणू नका. आपल्या भाषेत परवा पुढचाही असतो आणि मागचाही, आणि परक्या भाषेच्या माणसाला तो नक्की कितवा दिवस हे समजतच नाही. वार आणि तारीख सांगा, आणि तो वार त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

आकड्यांची तर वेगळीच कथा. सहा आणि दहा, सात आणि साठ: थोडा कमी ऐकू येणाऱ्या माणसाला यांत फरकच कळत नाही. एकोणतीस म्हटलं की घाईत ‘तीस’ तेवढं कानात राहतं, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवाला एकोणतीस, एकोणसाठ हे आकडे मुळात माहीतच नसतात; तो मान हलवतो, कारण मराठी घरातल्या मुलाला मराठी आकडा येत नाही हे सांगायची त्याला लाज वाटते. डोस सांगताना मी आकडा फोडून सांगायची, “दोन आणि नऊ”, बोटं दाखवायची, आणि सुईवरच्या खुणेवर पेननं रेघ मारायची.

मधला माणूस आणि कमी ऐकू येणारा माणूस

भाषा वेगळी असली की आपण सोबतच्या मुलाला किंवा नातीला दुभाषी करतो. हे मी शक्य तेवढं टाळायची. मी चार वाक्यं बोलायची, दहा वर्षांची पोर आजीला दोन शब्दांत सांगायची, आजी “हूं” म्हणायची, पोर मला म्हणायची, “समजलं तिला.” पोरीला काय समजलं हेच मला माहीत नसायचं. शिवाय बाईमाणसाच्या काही तक्रारी लेकरासमोर बोलता येत नाहीत. मोठी बाई शोधा, वॉर्डातली मावशी किंवा शेजारच्या खाटेवरची नातेवाईक चालेल. एकेक वाक्य द्या, आणि उत्तर उलट दिशेनं मागवा: आजींनी त्यांच्या भाषेत सगळं परत सांगायचं, मधल्या बाईनं ते मराठीत मला सांगायचं. दोन-चार शब्द स्वतः शिका. “अर्थमैंदा?” असं मी तेलुगूत विचारायला लागले तेव्हा आज्या खूश व्हायच्या, पण तोही शेवटी ‘कळलं का?’च होता, हे लक्षात यायला मला वेळ लागला.

वय झालं की बहुतेकांचे उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ असे हलके आवाज निसटतात, आणि अ, आ, ओ असे भरदार स्वर ऐकू येत राहतात. म्हणून आजोबा म्हणतात, “आवाज येतो, शब्द कळत नाही.” घरचे म्हणतात, त्यांना हवं ते बरोबर ऐकू येतं. हा आरोप फार अन्यायाचा आहे. ते अर्धा शब्द ऐकून उरलेला अंदाजानं भरत असतात, दिवसभर, आणि त्यानं दमून जातात. दमले की मान हलवतात, हसतात, गप्प होतात.

त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद करा. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे. तोंडावर मास्क असेल आणि काढणं सुरक्षित असेल तर काढा. करोनाच्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की कितीतरी म्हातारी माणसं आमच्या ओठांवर विसंबून होती. ओरडू नका, ओरडण्यानं शब्द आणखी फाटतो. आधी नाव घ्या, त्यांनी बघितलं की मग विषय सांगा, मग वाक्य. एखादा शब्द दोनदा सांगूनही निसटला तर तिसऱ्यांदा दुसरा शब्द वापरा. आणि कानाची तपासणी करून घ्या. हे मी कळकळीनं सांगते, कारण चष्म्याची लाज गेली तशी कानाच्या यंत्राची लाज अजून आपल्याकडे गेलेली नाही.

आणि न समजलेले तुम्ही असाल तर

नोकरीच्या पहिल्या वर्षी, रात्रपाळीला, मला फोनवर एका औषधाचा डोस सांगितला गेला. खरखर होती. मला ऐकू आलं ते ‘फिफ्टीन’ असावं किंवा ‘फिफ्टी’. मी “हो सर” म्हटलं आणि फोन ठेवला. हात थरथरत होता. मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काय ऐकलंस ते कागदावर लिही, परत फोन लाव, आणि त्यांना वाचून दाखव. एक, पाच असं.” मी लावला. पंधरा होता. पलीकडून कुणी ओरडलं नाही. आवाजात उलट जरा सुटल्यासारखं वाटलं.

विमानतळांवर हेच शिस्तीनं करतात. वैमानिकाला महत्त्वाची परवानगी मिळाली की त्यानं ती शब्दशः परत बोलून दाखवायची, नुसतं ‘ओके’ चालत नाही. या शिस्तीत ढिलाई परवडत नाही हे 27 मार्च 1977 ला कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर दिसलं. धुकं होतं. डच विमानाच्या वैमानिकानं मनोऱ्याला कळवलं, ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत’ अशा अर्थाचं काहीतरी. मनोऱ्याला वाटलं, ते जागेवर थांबलेत. तिकडून उत्तराची सुरुवात ‘ओके’नं झाली; पुढे ‘थांबा’ असंही सांगितलं गेलं, पण नेमकं त्याच क्षणी दुसरं विमान बोलू लागल्यानं ते खरखरीत बुडालं. डच विमान धावपट्टीवर सुसाट सुटलं होतं आणि समोरून त्याच धावपट्टीवर ते दुसरं विमान हळूहळू येत होतं. 583 माणसं गेली. त्यानंतर नियम झाला की ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी दुसरा शब्द. मी नव्या मुलींना ही हकीकत दरवर्षी सांगायची, तो ‘ओके’ त्यांच्या कानात राहावा म्हणून.

तर, समजलं नाही हे सांगायचं कसं? “मला कळलं नाही” हे वाक्य तोंडातून निघत नसेल तर दुसरी वाक्यं जवळ ठेवा. “थांबा, इथपर्यंत पोचलं, पुढचं निसटलं.” “मी घरी जाऊन सांगणार आहे, म्हणून एकदा म्हणून बघते, चुकलं तर थांबवा.” “हे कागदावर लिहून देता?” ही वाक्यं म्हणताना अपमान वाटत नाही. डॉक्टरांच्या खोलीत शिरायच्या आधीच दोन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या आणि चिठ्ठी हातात दिसेल अशी धरा. चिठ्ठी दिसली की डॉक्टर आपोआप थांबतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

न समजल्याचं ज्याला माहीत आहे तो निदान विचारू शकतो. समजलंच आहे अशी ज्याची खात्री आहे त्याचं अवघड. ‘नॉमिनी’ हा शब्द मी तीस वर्षं ऐकत होते, फॉर्मवर भरत होते. ठेवीवर ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, पैसे त्याचे झाले, अशी माझी पक्की समजूत होती. घरात प्रसंग आला तेव्हा वकिलांनी सांगितलं की बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण म्हणून तो मालक होत नाही. वारसांचा हक्क तसाच राहतो. मला कधीच शंका आली नव्हती, कारण ते मी कधी कुणाला समजावून सांगायला गेलेच नव्हते. तेव्हापासून नवीन काही ऐकलं की मी ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगते. भाजीवालीला, भाचीला, कुणालाही. सांगताना जिथे वाक्य ‘वगैरे’ किंवा ‘ते काय असतं ते’ असं सरकतं, तिथे मला माहीत नाही असं समजायचं.

तिसऱ्या दिवशीचा फोन

दवाखान्यात नीट करून दाखवलेलं घरी गेल्यावर बदलतं. सुई संपते, चष्मा सापडत नाही, जाऊबाई काही वेगळं सांगते. म्हणून मी तिसऱ्या दिवशी फोन करायची. फोनवर “बरं आहे ना? घेताय ना औषध?” असं विचारू नका, हे जुनं ‘कळलं का?’च आहे. वस्तू हातात घ्यायला सांगा आणि ती काय दिसते ते विचारा.

केशरी टोपणाच्या प्रसंगानंतर त्या आजींना मी पुन्हा बसवलं. या वेळी दोन्ही टोपणं शेजारी ठेवली, एकाच खुणेपर्यंत रंगीत पाणी दोन्ही सुयांत भरलं आणि दोन वाट्यांत सोडलं. एका वाटीत जास्त, एकीत कमी. त्या बराच वेळ वाट्यांकडे बघत राहिल्या. ‘सरे’ म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी फोन लावला. “अव्वा, सुई हातात घ्या. टोपण कुठल्या रंगाचं?”

“एर्रदी,” म्हणाल्या. लाल.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून त्यांच्या मोडक्या मराठीत आवाज आला, “सिस्टर, दुकानात लाल नसलं, केशरीच असलं, तर मग काय करायचं?”